गळाला गंज लागू देऊ नका

शेलू गाव उल्हास नदीच्या काठी आहे. आगगाडीने कर्जतकडे निघालो की वांगणी मागे पडते, मग शेलू येते, पुढे नेरळ. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत तालुक्यातून वाहत ती पुढे वसईच्या खाडीला मिळते.

या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते. याचे कारण ठाऊक आहे का? १९२२ साली भिवपुरीला टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते. ते वीज तयार करते आणि मग उल्हास नदीत सोडले जाते. म्हणून आसपासचे ओढे आटले तरी नदी वाहती राहते.

नदी वाहती, म्हणून मासेही आहेत. मरळ, शिंगटी, वाम असे मासे गळाला लागतात. कोणी गळ म्हणतो, कोणी गरी म्हणतो. वस्तू एकच. काठावरून गळ टाकून मासा लागला नाही, तर माणूस पाण्यात उतरतो. गुडघाभर, कधी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गळ टाकतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात आमिष. मग जास्तीचे गळ ठेवायचे कुठे? कोणी खिशात ठेवतो, कोणी कनवटीला लावतो. खिसा भिजतो, कनवटी भिजते, गळही भिजतात. घरी आल्यावर ते तसेच कोनाड्यात पडतात. आठ दिवसांनी पाहावे तर गळ तांबडे झालेले!

तुम्ही म्हणाल, “गळ तो केवढासा! गंजला तर दुसरा घेऊ.” पण मंडळी, गंजलेला गळ आधी कळत नाही. मोठा मासा ओढ देतो तेव्हा तो कळतो. टोकाजवळचा उलटा काटा फार बारीक असतो. गंज आधी तिथेच खातो. काटा मोडतो, मासा सुटतो. सकाळपासून पाण्यात उभे राहिलो, त्या कष्टावर पाणी पडते. घरी कालवणाची वाट पाहणारी पोरे उपाशी नाही तरी हिरमुसली होतात.

गंज म्हणजे काय?

गळ पोलादाचा असतो. पोलाद म्हणजे लोखंडच. लोखंडाला पाणी आणि हवा ही दोन्ही एकत्र मिळाली की गंज चढतो. नव्या गळावर दुसऱ्या धातूचा किंवा रंगाचा पातळ मुलामा असतो. तो कातळावर, वाळूत घासून निघतो. तिथून गंजाला वाट मिळते. गंजाचा पापुद्रा सुटून पडतो आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. असा तो आत आत खात जातो.

हे घरीच करून पाहा. तीन काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक एक नवा खिळा टाका. पहिली बाटली आतून अगदी कोरडी ठेवा आणि बूच घट्ट लावा. दुसरीत उकळून निववलेले पाणी काठोकाठ भरा आणि वर तेलाचा थर द्या. तिसरीत अर्धा खिळा बुडेल एवढेच साधे पाणी घाला आणि ती उघडी ठेवा. काही दिवसांनी पाहा. तिसऱ्या बाटलीतला खिळा तांबडा झालेला दिसेल. पहिलीत पाणी नव्हते. दुसरीत हवा जवळजवळ नव्हती. तिसरीत दोन्ही होती.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. ओला गळ डबीत घालून झाकण लावले, तर गळ सुरक्षित राहत नाही. डबीत हवा असतेच, वर ओल आपण कोंडतो. ओल्या फडक्यात गळ गुंडाळणे तर त्याहून वाईट. फडके सुकत नाही तोवर गळ गंजतच राहतो.

पाण्यात उतरताना काय करावे?

पहिले काम, दोन डब्या ठेवा. एक कोऱ्या, कोरड्या गळांची. दुसरी वापरलेल्या, ओल्या गळांची. दोन्ही कधी एकत्र करू नका. एक ओला गळ दहा कोरड्यांना बिघडवतो.

कोरड्या गळांसाठी फिरकीच्या झाकणाची औषधाची रिकामी बाटली चांगली. ती आधी धुऊन कडक उन्हात वाळवा. बाटली मिळाली नाही, तर बांबूचे एक पेर घ्या. एका बाजूला गाठ राखा, दुसऱ्या बाजूला घट्ट बूच बसवा.

मिठाच्या डबीत आपण तांदळाचे दाणे टाकतो. ते ओल ओढून घेतात. तसेच भाजून निववलेले चिमूटभर तांदूळ बाटलीत टाका आणि दर खेपेला बदला. मीठ मात्र टाकू नका. मीठही ओल ओढते, पण ते लोखंडाला खाते.

दुसरे काम, बाटली उंच बांधा. कमरेला नको. दोरीने गळ्यात अडकवा, छातीच्या वर राहील अशी. मुंडासे असेल तर त्यात खोचा. पाय घसरला तरी बूच घट्ट असल्यावर आत पाणी शिरत नाही.

तिसरे काम, ओल्या हाताने बाटली उघडू नका. खांद्यावर एक कोरडे फडके ठेवा. आधी हात पुसा, मग झाकण काढा. शक्यतो पाण्याबाहेरच्या धोंड्यावर येऊन गळ बदला.

घरी आल्यावर काय करावे?

गळावर गांडुळाचा चिकटा असतो, कणकेचा लेप असतो. तो ओल धरून ठेवतो. कणकेत मीठ असेल तर आणखी वाईट. म्हणून गळ आधी गोड्या पाण्याने धुवा. कोणी कल्याणकडे खाडीवर गळ टाकून आला असेल, तर त्याने हे मुळीच चुकवू नये. मग गळ कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवा. पावसात ऊन नसते, तेव्हा चुलीजवळच्या फळीवर ठेवा. पूर्ण सुकल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवा. ते नसेल तर खोबरेल चालेल. तेलामुळे ओल आणि हवा लोखंडाला लागत नाहीत. गळ वापरण्याआधी तेल पुसून टाका. हे सारे करून मगच डबीत ठेवा.

गळावर नुसती तांबूस झाक आली असेल, तर बारीक राखेने घासा. मग धुवा, सुकवा, तेल लावा. पण खड्डे पडले असतील, काटा झिजला असेल, तर तो गळ टाकून द्या.

मात्र टाकायचा कुठे? नदीत नाही! त्याच पाण्यात आपण अनवाणी उतरतो. बायका धुणे धुतात, पोरे पोहतात, गुरे पाणी पितात. जुने गळ आणि तंगुसाचे तुकडे एका डब्यात साठवा. डबा भरला की झाकण ठोकून भंगारवाल्याला सांगून द्या.

गळ हाताला लागला तर?

गंजामुळे धनुर्वात होतो असे लोक म्हणतात. खरे म्हणजे धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. गळाची जखम लहान दिसते, पण खोल असते. तिथे हवा पोचत नाही, आणि हे जंतू अशाच जागी वाढतात. म्हणून गळ नवा कोरा असला तरी धोका आहेच. जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा. उलटा काटा मांसात रुतला असेल तर ओढू नका. मांस फाटते. तसेच दवाखान्यात जा. जखमेला शेण, माती, तंबाखू काही लावू नका.

गळ लहान आहे, काम मोठे आहे. ते काम तो करतो, कारण त्याचे टोक तीक्ष्ण असते. ते टोक राखायला पैसा लागत नाही. एक कोरडे फडके आणि दोन डब्या पुरतात. ओल आत कोंडू नये, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

वाचा आणि सांगा

१. गंज चढायला कोणत्या दोन गोष्टी एकत्र लागतात?
२. ओला गळ झाकणाच्या डबीत का ठेवू नये?
३. डबीत तांदूळ चालतात, मीठ का चालत नाही?
४. तुमच्या घरी लोखंडाच्या आणखी कोणत्या वस्तू गंजतात? कोयता, विळा, सुई यांची काळजी तुम्ही कशी घ्याल?