छायाचित्राची साक्ष

इतिहासाचा अभ्यास करतांना ताम्रपट, शिलालेख व जुनीं दप्तरें यांस आपण साधनें मानतों. छायाचित्र हेंही तसेंच एक साधन होय. परंतु ताम्रपट वाचावयास लिपि शिकावी लागते, आणि छायाचित्रास मात्र नुसते डोळे पुरतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत किती फसवी आहे, हें विद्यार्थ्यांनीं अंतराळविद्येंतील एका प्रसिद्ध चित्रावरून पाहावें.

या चित्रांत एका बैलगाडीवर ‘ॲपल’ नांवाचा भारतीय उपग्रह ठेवलेला दिसतो. संदेशवहनासाठीं भारतानें बांधलेला हा पहिला प्रायोगिक भूस्थिर उपग्रह. वजन सुमारें ६७० किलोग्रॅम. चित्र पाहतांच एक जण म्हणतो, “अरेरे! यांच्याजवळ साधी मोटारही नव्हती.” दुसरा छाती फुगवून म्हणतो, “पाहा, बैलगाडींतून आम्हीं केवढी मजल मारली!” एकाची कींव व दुसऱ्याचा अभिमान हीं दोन्हीं एकाच चुकीवर उभीं आहेत, कारण गाडी तेथें कशासाठीं आणली, हें दोघांनींही विचारलेलें नाहीं. उपग्रह बैलगाडीनें प्रक्षेपणस्थळीं नेला, असेंही कित्येक समजतात. परंतु ता. १९ जून १९८१ रोजीं ज्या युरोपीय एरियान अग्निबाणानें तो वर गेला, तो दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून सुटला. मधला महासागर ओलांडणारे बैल अद्याप कोणाच्या गोठ्यांत नाहींत.

खरें कारण यंत्रविद्येचें होतें. उपग्रहाच्या अँटेनाची परीक्षा उघड्यावर करावयाची होती. धातूच्या पृष्ठभागावर आदळून रेडिओलहरी परततात. म्हणून लोखंडी ट्रकवर ही परीक्षा केली असती, तर मोजणींत गोंधळ झाला असता, व दोष अँटेनाचा कीं ट्रकचा, हें उमगलें नसतें. उपग्रह एकदां सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर गेला, म्हणजे मागाहून तेथें कारागीर पाठवितां येत नाहीं. लाकडी गाडी हा या अडचणीवर सोपा व स्वस्त उपाय होता. गाडीच्या चाकांस लोखंडी धाव असते, तिचें काय, असें एखादा चौकस मुलगा विचारील. शंका रास्त आहे. चित्राला अशाच शंका विचारावयाच्या असतात. परंतु धावेचें लोखंड तें किती, आणि ट्रकचें किती!

तेव्हां हें चित्र दारिद्र्याचा पुरावा नसून एका युक्तीचा पुरावा आहे. मात्र ही गोष्ट चित्र स्वतः सांगत नाहीं; ती सोबतच्या नोंदीवरून कळते. नोंद हरवली, तर तेंच चित्र उलट साक्ष देऊं लागेल, आणि ज्यांनीं ती परीक्षा केली त्यांच्यावर अन्याय होईल.

आतां अगदीं निराळ्या जातीचें एक उदाहरण घेऊं. १९७० च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेचें ‘अपोलो १३’ हें यान चंद्राकडे जात असतां त्यांतील प्राणवायूची एक टाकी फुटली. १७ एप्रिल रोजीं, पृथ्वीजवळ परत येतांना, तिघां अंतराळवीरांनीं यानाचा मोडका सेवाविभाग सोडून दिला, व तो दूर जात असतां त्याचीं छायाचित्रें घेतलीं. चित्रें कांहीं देखणीं नाहींत. पण विभागाच्या एका बाजूचा संपूर्ण पत्रा उडून गेल्याचें त्यांत दिसतें. आणि तो विभाग पुढें वातावरणांत शिरून नष्ट झाल्यामुळें ती जखम पुन्हा पाहण्याची सोय उरली नाहीं. म्हणून या अस्पष्ट चित्रांचें मोल फार मोठें. तरीही टाकी कां फुटली, हें त्यांत नाहीं. टाकींतील उष्णता बेताची ठेवणारे स्विच २८ व्होल्टसाठीं केलेले होते, आणि उड्डाणापूर्वीं जमिनीवर त्यांना ६५ व्होल्टचा दाब देण्यांत आला. ते चिकटून बसले, उष्णता भलतीच वाढली व तारांवरील वेष्टण करपलें. हा उलगडा चौकशी-मंडळास कारखान्यांतील जुन्या नोंदी व मुद्दाम केलेल्या चांचण्या यांवरून झाला.