एकोणीस एकांची मूळसंख्या

अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात, देवळाली येथे, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ या काळात शालेय अध्यापन केले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक सर्वपरिचित आहे. मात्र त्यांच्या ‘डेमलो संख्या’ तितक्याशा परिचित नाहीत. डेमलो (आजची डोंबिवली) या रेल्वेस्थानकावर ही कल्पना सुचल्याने त्यांनी तेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११,१११ चा १२,३४,५४,३२१. हे आकृतिबंध पाहून अनेक विद्वानांनी त्यांची गणना निव्वळ करमणुकीत केली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन नियतकालिकात लिहिल्यावर मात्र जगाचे लक्ष कापरेकरांकडे वळले.

वस्तुतः केवळ एक या अंकाने बनलेल्या याच संख्या मूळसंख्यांच्या गहन प्रश्नाकडे नेतात. ११ ही मूळसंख्या आहे. १११ नाही, ती ३ × ३७ आहे. एकांची गणती संयुक्त असेल तर ती संख्याही संयुक्तच असते, हे सहज पटते: सहा एक म्हणजे ११ × १०,१०१. याच्या उलट विधान मात्र खरे नाही. पाच ही मूळसंख्या असूनही ११,१११ = ४१ × २७१; सात एकांची संख्या म्हणजे २३९ × ४,६४९. अकरा, तेरा, सतरा येथेही निराशाच पदरी पडते. एकोणीस एकांची संख्या मात्र मूळसंख्या ठरते.

हे ठरवावयाचे कसे? संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. परंतु येथे वर्गमूळच १०५ कोटींच्या पुढे आहे. वरील अवयव पुन्हा पाहावेत. ४१ आणि २७१ यांना पाचाच्या दुपटीने, म्हणजे १० ने, भागल्यास बाकी १ उरते. २३९ आणि ४,६४९ यांना १४ ने भागल्यासही तेच. हा योगायोग नव्हे, तर फर्माच्या प्रमेयातून निघणारा नियम आहे. त्यामुळे एकोणीस एकांसाठी ३८ ने भागून १ उरणारे भाजकच तपासावे लागतात. १०५ कोटींचे काम पावणेतीन कोटींच्या आसपास येते.

आठवीच्या वर्गात फळ्यावर दाखविण्याजोगा आणखी एक गुण आहे. १/४१ = ०.०२४३९०२४३९… आणि १/२७१ = ०.००३६९००३६९…, दोन्हींचे आवर्तन पाच अंकी. एकोणीस अंकी आवर्तन देणारी मूळसंख्या मात्र एकच, ती म्हणजे हीच. तिच्या व्यस्तात दशांशचिन्हानंतर अठरा शून्ये, मग ९, आणि तोच क्रम पुनःपुन्हा.

यापुढील अशी मूळसंख्या तेवीस एकांची, त्यानंतर थेट ३१७ एकांची. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी कापरेकरांचे निधन झाले. अशा मूळसंख्या अनंत आहेत की नाहीत, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.