हिशेबाला बोलते करणारा आचार्य

हिशेबाची वही म्हणजे रुक्ष आकड्यांची रास, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु त्या आकड्यांमागे माणसांचे श्रम, त्यांची काटकसर आणि त्यांच्या चुकाही दडलेल्या असतात. या मुक्या आकड्यांना बोलते करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत जर्मनीचे प्राध्यापक ऑयगेन श्मालेनबाख यांचे स्थान फार वरचे आहे.

श्मालेनबाख यांचा जन्म १८७३ साली हाल्फर गावानजीक झाला. वडिलांचा धातूच्या वस्तूंचा लहानसा कारखाना होता. तरुणपणी तेथे काम करीत असता त्यांना व्यवहाराचे पहिले धडे मिळाले. १८९८ साली लायप्झिग येथे उच्च वाणिज्य विद्यालय निघाले, तेव्हा पंचविशीतील हा तरुण तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पुढे कोलोन येथे ते शिकवू लागले आणि १९०६ साली प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी व्यापारविषयक संशोधनाचे एक नियतकालिकही सुरू केले.

कारखान्यात पडलेले प्रश्न ते वर्गात आणीत आणि वर्गात सापडलेली उत्तरे पुन्हा कारखानदारांपुढे ठेवीत. त्यांची विचारपद्धती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कुलपांच्या एका कारखान्यात भाडे, पगार इत्यादींचा महिन्याचा ठरलेला खर्च १,००० रुपये आहे आणि प्रत्येक कुलपास माल व मजुरी मिळून ५ रुपये लागतात. महिन्याला १०० कुलपे केली, तर एक कुलूप १५ रुपयांस पडते. अशा वेळी एखादे नवे गिऱ्हाईक आणखी ५० कुलपे ८ रुपये दराने मागू लागले, तर उतावळा कारखानदार त्याला परत पाठवील. परंतु यंत्रे रिकामी असतील, तर या वाढीव कुलपांवर होणारा नवा खर्च प्रत्येकी ५ रुपयेच! म्हणजे नुकसान तर नाहीच, उलट १५० रुपये पदरात पडतात. ठरलेला खर्च आणि कामाबरोबर वाढणारा खर्च यांतील हा भेद श्मालेनबाख यांनी व्यवहारी माणसांच्या मनावर बिंबविला. निरनिराळ्या कारखान्यांच्या हिशेबांची तुलना करता यावी, म्हणून १९२७ साली त्यांनी खात्यांचा एक समान आराखडाही प्रसिद्ध केला.

या कीर्तिमान पुरुषावर पुढे कठोर प्रसंग ओढवला. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्ता आली. त्यांच्या पत्नी मारियान्ने या ज्यू वंशाच्या होत्या. श्मालेनबाख यांना अध्यापन सोडावे लागले. पत्नीची साथ मात्र त्यांनी सोडली नाही. १९४४ साली धोका अगदी दाराशी आला, तेव्हा त्यांच्या एका जुन्या साहाय्यकाने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्या उभयतांना आपल्या घरी लपविले. युद्ध संपल्यावर वयाची सत्तरी उलटलेले हे गुरुजी पुन्हा शिकवू लागले. १९५५ साली कोलोन येथे त्यांचे निधन झाले.

ज्ञान व्यवहाराच्या कसोटीला उतरले पाहिजे, हे त्यांनी शिष्यांना शिकविले. शिष्याने केलेली गुरूची ती परतफेड मात्र कोणत्याच वहीत मांडता येण्याजोगी नव्हती.

स्वाध्याय
१. नव्या गिऱ्हाइकाची मागणी स्वीकारणे फायद्याचे का ठरते?
२. 'मुके आकडे बोलते करणे' म्हणजे काय?
३. शेवटच्या वाक्याचा भावार्थ स्पष्ट करा.