बुकिंगची पावती आधी वाच

सातारा, ६ जून २०२३

बंड्या,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. मे महिन्यात बुक केलेली इलेक्ट्रिक स्कूटर जूनमध्ये जवळजवळ २४ हजारांनी महागली, शोरूमवाल्याने हात वर केले, आणि आता तू बुकिंग रद्द करून पेट्रोलची गाडी घ्यायला निघालास. जाता जाता कंपनीला ‘लुटारू’ म्हणून चारचौघांत फैलावर घेणार आहेस, तेही कळलं. पगारातून हप्त्याचं गणित जुळवलेलं असताना ऐनवेळी भाव बदलला तर कुणाचंही टाळकं सरकेल. तरी शिव्या कुणाला द्यायच्या, ते आधी ठरव.

केंद्र सरकारने १९ मे रोजी अधिसूचना काढली. फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांच्या सबसिडी योजनेत दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरमागे १५,००० रुपये मिळत, कमाल मर्यादा गाडीच्या कारखाना-किमतीच्या ४० टक्के. १ जूनपासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांना १०,०००, आणि मर्यादा १५ टक्के. तुझी बॅटरी ३ किलोवॉट-अवरची. कारखाना-किंमत १ लाख ४० हजार धर. जुन्या हिशोबाने ४५,००० सुटले असते. आता १५ टक्क्यांची कात्री लागून २१,०००. फरक २४,०००. म्हणजे ही वाढ सबसिडी गेल्याची आहे, कंपनीच्या गल्ल्यात त्यातलं फारसं काही पडत नाही. सगळाच दोष तिच्या माथी मारलास तर तिचा माणूस हीच अधिसूचना तुझ्यापुढे धरेल आणि तू गप्प बसशील.

आता खरा मुद्दा. नोंदणी १ जूनच्या आत झाली असती तर जुनी सबसिडी मिळाली असती. मग तुला गाडी कधी देतो म्हणाले होते? ‘पंधरा दिवसांत, साहेब’ हे सेल्समनचं तोंडी बोलणं की पावतीवर तारीख? मे महिन्याची तारीख लिहिलेली असेल आणि त्यांच्या हलगर्जीमुळे ती टळली असेल, तर तुझी बाजू भक्कम आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं असेल, तर किमतीसाठी भांडणं अवघड. बुकिंगची रक्कम भरली म्हणजे भाव बांधला गेला, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. बहुतेक वेळा त्या पैशांत फक्त रांगेतला नंबर मिळतो.

कंपनीने स्वतःहून भाव वाढवला, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत रिव्हियनने १ मार्च २०२२ रोजी आपल्या इलेक्ट्रिक पिकअपची किंमत ६७,५०० डॉलरवरून ७९,५०० केली आणि हजार डॉलर भरून कितीतरी महिने, काहीजण तर २०१८पासून, थांबलेल्या लोकांनाही तीच लावली. भडका उडाला, बुकिंगं धडाधड रद्द झाली. दोनच दिवसांत, ३ मार्चला, कंपनीचे प्रमुख आर. जे. स्कॅरिंज यांनी माफीचं पत्र काढलं. १ मार्चपूर्वीच्या ऑर्डरींना जुनी किंमत दिली आणि रागाने रद्द केलेल्यांनाही परत यायची मुभा दिली. त्या लोकांनी गाडी रंगापासून सगळी निवडून, समोर दिसलेल्या किमतीला ऑर्डर नोंदवली होती. मागणी नेमकी होती आणि निर्णय फिरवणं कंपनीच्याच हातात होतं. तुझ्या शोरूमवाल्याच्या हातात दिल्लीची अधिसूचना फिरवणं नाही.

म्हणून जाहीर आरडाओरडा करू नकोस. डीलरला एक ईमेल लिही, कंपनीला प्रत. बुकिंगची तारीख, भरलेली रक्कम, कबूल केलेली डिलिव्हरी, आणि मागणी एकच: उशीर तुमचा असेल तर फरक तुम्ही सोसा, नाहीतर बुकिंगचे सगळे पैसे परत करा. उत्तर आलं नाही तर १९१५वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. नव्या कोटेशनमध्ये चार्जर वेगळा लावलाय का, तेही बघ. चार्जरचे वेगळे घेतलेले पैसे परत करायचं काही कंपन्यांनी नुकतंच कबूल केलंय.

आणि गाडी घ्यायची का? कोथरूड ते हिंजवडी येऊन-जाऊन तीस किलोमीटर, वर्षाला नऊ हजार. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं तर १०६च्या भावाने वर्षाला एकवीस हजार. विजेला फार तर तीन हजार. वाढलेले २४ हजार दीड वर्षाच्या आत वसूल होतात. माझं मत विचारशील तर घे. मात्र पार्किंगमध्ये चार्जिंगला सोसायटीची लेखी परवानगी नसेल तर थांब. ती अडचण २४ हजारांपेक्षा मोठी आहे, आणि तिचं तू मेसेजमध्ये अवाक्षर काढलेलं नाहीस.

ताईला नमस्कार सांग. पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आज रात्रीपर्यंत पाठव. ईमेलचा मसुदा मी करून देतो.

तुझा,
मामा