रात्री दीडचा फोन

ठाण्यात फौजदारी वकिली करते, त्याला अठरा वर्षं झाली. एकतीस डिसेंबरला फोन उशाशी असतो. ‘मॅडम, भावाला ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये धरलंय’ असं सांगणाऱ्या फोनांनी मला शिकवलेलं हे काही.

१. फुंकण्याआधी वकील मागू नका. गणवेशातल्या पोलिसाला संशय आला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली तो ब्रीद ॲनालायझरमध्ये फुंकायला सांगू शकतो. ‘वकील येऊ दे, मग फुंकतो’ हे तिथे चालत नाही. नकार दिला तर अटक होऊ शकते आणि विनाकारण दिलेला नकार कोर्टात अंगाशी येतो. ‘नाही म्हण’ असा सल्ला मी आजवर कुणाला दिलेला नाही.

२. अटक झाली की हक्क सुरू होतो. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. चौकशी चालू असताना भेटताही येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसू देत नाहीत. म्हणून भेटीला मिळणाऱ्या दहा मिनिटांत मी एकच सांगते: खोटं बोलू नकोस आणि कोऱ्या कागदावर सही करू नकोस.

३. वेळा लिहून ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल, ही मर्यादा सगळ्यांना पाठ असते. पोलिसासमोर गुन्हा घडला म्हणून कलम २०२ खाली अटक झाली, तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. नाहीतर सोडावं लागतं, हे कुणालाच ठाऊक नसतं. एका प्रकरणात अटक ११.१० ची होती, रक्त काढलं २.२५ ला. कागदांवर दोन्ही वेळा स्वच्छ लिहिलेल्या होत्या. घरच्या कुणी त्या वाचल्याच नव्हत्या.

४. भोजपुरी बोलणारा एक टेम्पोचालक मला विधी सेवेमार्फत मिळाला. त्याने चार मराठी कागदांवर अंगठे दिले होते. अटक कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, ‘गाडी का कागज नहीं था.’ कागदपत्रं सगळी होती. गुन्हा दारूचा होता. अख्खी रात्र तो भलत्याच आरोपाची उत्तरं देत बसला होता. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलं, की अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. जागेवर शक्य नसेल तर तोंडी सांगायची आणि कोर्टात हजर करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. प्रकरण महागड्या गाडीचं होतं, पण निकालाची खरी गरज माझ्या टेम्पोवाल्याला होती.

५. वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

६. ‘रिपोर्टचं काही करता येईल का?’ असं कुणी विचारलं, की मी फोन ठेवते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. वकिलाचा हक्क कागद खरा राहावा म्हणून आहे. नमुना बदलायला मदत करणाऱ्याला मी वकील मानत नाही.

मला फोन कराल तेव्हा पोलीस ठाणं सांगा, अटकेची वेळ सांगा. पण त्याआधी, समोर कुणी जखमी आहे का, ते सांगा.