ताप, विद्यार्थी आणि ओळखीची गोळी

डॉक्टरांना न विचारता, स्वतःच लक्षणे ओळखून औषध घेणे याला स्वयंउपचार म्हणतात. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध आणणे किंवा मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेणे, हेही त्यातच मोडते. ही सवय सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. डोके दुखले की प्रत्येकजण रुग्णालयात जाऊ लागला, तर रुग्णालये चालणार नाहीत.

भिलाईतील सेक्टर 10 चे उदाहरण घेऊ. 1959 साली जेथील पहिली झोतभट्टी पेटली, त्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा हा एक विभाग. कारखान्याचे मोठे रुग्णालय शेजारच्या सेक्टर 9 मध्येच आहे. तेव्हा डॉक्टर दूर आहे, ही सबब येथे चालत नाही. पण परीक्षा उद्यावर आलेली असते, औषधाचे दुकान वाटेवर असते आणि गोळीचे नाव तोंडपाठ असते.

खरी अडचण या नावापाशीच आहे. विद्यार्थ्याला गोळीचे नाव ठाऊक असते, तिच्यातील घटक नव्हे. तापावरच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, तसे ते सर्दीवरच्या अनेक गोळ्यांतही असते. प्रौढ व्यक्तीने चोवीस तासांत 4 ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. त्यांत सर्दीच्या गोळ्यांची भर पडली, तर यकृताला इजा होऊ शकते. शिवाय ती इजा प्रारंभी जाणवतही नाही.

2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत माणसे दगावली. ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी ही डेंग्यूची सुरुवात. अशा वेळी ठणका लवकर थांबवणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी हटकून आठवते. परंतु डेंग्यूत रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. ही औषधे, आणि ॲस्पिरिन तर विशेषच, उरलेल्या बिंबिकांच्या कामात अडथळा आणतात व जठराच्या अस्तरालाही इजा करतात. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणखी एक फसवी गोष्ट अशी की, या रोगातील धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागताना येतो. गोळी लागू पडली असे समजून मुलगा नेमका त्याच दिवशी परीक्षेला जाऊन बसतो! पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास एक तासही दवडू नये.

प्रतिजैविकांची गोष्ट थोडी वेगळी. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर किंवा डेंग्यूवर त्यांचा काहीच उपयोग नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालीच दिला होता. भारतात 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. मित्राच्या खणातून हाती आलेल्या चार गोळ्या मात्र कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत.

शिक्षणाने ही सवय सुटते, असेही नाही. अनेक देशांतील पाहण्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही ती मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. थोडी माहिती झाली की धीटपणा वाढतो. रोगनिदान मात्र तपासणीवाचून होत नाही. ज्याने आधीच गोळ्या घेतल्या असतील, त्याने निदान रिकामी पाकिटे तरी टाकू नयेत. ताप कोणत्या दिवशी आला आणि कोणती गोळी किती वेळा घेतली, हे डॉक्टरांना त्यांवरूनच सांगता येते.