मोटर जळण्याआधी अ‍ॅम्पिअर बघा

फाल्गुन सरला की विहिरी तळ गाठतात, उन्हाळी भुईमूग आणि उसाच्या पाळ्या जवळ येतात आणि नेमकी तेव्हाच पंपाची मोटर जळते. रिवाइंडिंग होईपर्यंत पीक सुकते. वायंडिंग बिघडू लागले की त्याची खूण बऱ्याचदा आधी प्रवाहात दिसते. ती वाचायला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणारे यंत्र, पुरतो.

मोजणी : मोटर दहा मिनिटे चालू द्या. चिमट्यात एका वेळी एकच वायर धरा. तिन्ही एकदम धरल्या तर आकडा शून्याजवळ येतो आणि काहीच कळत नाही. समजा तीन फेजवर ७.०, ७.२ आणि ८.३ अ‍ॅम्पिअर आले. सरासरी ७.५, तिच्यापासून सर्वांत मोठा फरक ०.८, म्हणजे सुमारे ११ टक्के. हा फरक ५ टक्क्यांच्या आत असावा. १० च्या पुढे गेला तर कारण सापडेपर्यंत मोटर बंद ठेवा.

दोष कोठे? : मेन स्विच बंद करून वायरमनकडून मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवून घ्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा आकडा त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात. वायरीबरोबर सरकला तर केबलमध्ये किंवा वायंडिंगमध्ये.

इतर खुणा : तिन्ही आकडे एकदम घसरले तर पाणी तुटले असावे. तिन्ही वाढले तर व्होल्टेज तपासा. ते ठीक असेल तर पंपात गाळ अडकला आहे का, बेअरिंग धरले आहे का, ते पाहा. एक फेज शून्य दिसली तर लगेच बंद करा.

मशीन लर्निंगची उपकरणे हेच काम बारकाईने करतात. मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या मोटरीत रोटरची दांडी तुटली, तर ५० हर्ट्झच्या प्रवाहाशेजारी ४६ आणि ५४ हर्ट्झच्या बारीक लहरी उमटतात. टाँग टेस्टरला त्या दिसत नाहीत. चांगल्या आणि बिघडलेल्या मोटरींचे नमुने शिकलेला संगणक त्या ओळखतो. पण भार आणि व्होल्टेज बदलले की तोही फसू शकतो. म्हणून उपकरण घेताना ते आपल्या मोटरीचा चांगला काळ आधी नोंदवते का, हे विचारा.

तोवर तीन फेजचे आकडे, व्होल्टेज आणि तारीख दर पंधरा दिवसांनी स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून लिहा. पहिली नोंद मोटर नीट चालू असतानाच करा.